बाबांपासून तीन दिवसांची रजा

प्रिय वेइयो,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. बाबा बरे आहेत. म्हणजे डावा हात आणि पाय पक्षाघाताच्या झटक्यानंतर होते तसेच आहेत, पण तोंड शाबूत आहे आणि ते दिवसभर माझ्याविरुद्ध चालू असतं. फोनवर तू आणि मी बर्फ किती पडला याच्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा जेवून आडवे झालेत. माझ्याकडे पाऊण तास आहे.

आधी माझी नोकरी तुला समजावते. नाताळात तू म्हणालास, "तू काय, हल्ली घरीच असतेस," तेव्हा फोन भिंतीवर आपटावासा वाटला होता. अरे, घरी असते, पण रिकामी नसते! दुकानातली नोकरी सोडून मी जिल्ह्याच्या सेवा कार्यालयाशी रीतसर करार केलाय. बाबांना उठवणं, अंघोळ, औषधं, फिरवणं हे माझं काम. त्याचं मानधन मिळतं, पेन्शनमध्ये भर पडते, त्यांना उचलताना माझी कंबर मोडली तर विमा आहे. शिवाय महिन्याला तीन दिवस हक्काची रजा, आणि तेवढे दिवस माझ्या जागी बदली माणूस. करार वाचला की माझा मलाच हेवा वाटतो. फक्त दोन वर्षांत त्यातला एक दिवसही मला धड मिळालेला नाही, कारण बाबा.

पहिली बदली आली ती सान्ना. गोड बाई, पण बोलकी. सकाळच्या कॉफीला बाबांना शेजारी माणूस चालतो, आवाज चालत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेही बिचाऱ्यांनी सोसलं. पण दुपारी तिने मटारचं सूप वाढलं, आणि वार होता मंगळवार! ज्या माणसाने गिरणीच्या कॅन्टीनमध्ये बेचाळीस वर्षं दर गुरुवारी मटारचं सूप खाल्लं, त्याच्यापुढे मंगळवारी! बाबांनी चमचा खाली ठेवला, कॅलेंडर बघितलं आणि मला फोन लावला. "घरी ये. या बाईला आठवडा कळत नाही." मी मैत्रिणीकडे नुकती पोचले होते, एकच बूट काढला होता. तो परत घातला.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम गप्प माणूस मागितला. योउनी आला. तो इतका गप्प, की बाबांनाही मान द्यावासा वाटला. योउनीला वाटलं, म्हातारबुवा औषध मागतील. बाबांना वाटलं, हा देईल, आपण कशाला टोकायचं? संध्याकाळी येऊन बघते तर टेबलाच्या मधोमध गोळ्यांची डबी, जशीच्या तशी भरलेली, आणि दोन बाजूंना दोघे सभ्य गृहस्थ एकमेकांची वाट बघत बसलेले. बाबा म्हणाले, "माणूस फार चांगला आहे. उपयोगाचा नाही." तिसऱ्यांदा त्यांनाच तीन दिवस वृद्धाश्रमात ठेवून बघितलं. दोन तासांत टॅक्सीने परत, पायात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला. टॅक्सीवाल्याला सांगत होते म्हणे, "मुलगी एकटी आहे, तिला काही जमत नाही." मला जमत नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे सगळं हसण्यावारी नेत होते रे मी. पण फेब्रुवारीत अंगणातून लाकडं आणताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले, ती दहा मिनिटं बर्फातच. डॉक्टरांनी कार्यालयाला कळवलं. मग आपल्या भागाच्या अधिकारी तुइयाबाई आल्या आणि सरळ म्हणाल्या, "राइली, एप्रिल संपायच्या आत तू रजेवर गेली नाहीस तर हा करार मला थांबवावा लागेल. थकलेल्या माणसाच्या हाती आजारी माणूस कसा सोपवू?" करार थांबला म्हणजे मी पुन्हा दुकानात आणि बाबा कायमचे आश्रमात, दुसऱ्याच्या चपलांत. त्या गेल्यावर मी भांडी घासताना रडले, हे तुला सांगून टाकते.

बाबांना सांगितलं तर म्हणतात कसे, "रजा? कुणापासून रजा? बापापासून?" मग मात्र माझा तोल सुटला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कामगारांचे पुढारी होतात. दहा मिनिटांच्या कॉफीसाठी तुम्ही यंत्रं बंद पाडलीत. संपाच्या त्या वर्षी आईने पाच आठवडे आम्हाला बटाट्यांवर काढायला लावले आणि आम्ही हूं की चूं केलं नाही. आणि आज घरात एक कामगार आहे, तर तुम्ही तिचे मालक झालात. तेही जुन्या मालकापेक्षा वाईट, तो निदान रविवारी तरी घरी सोडायचा."

वेइयो, आयुष्यात त्यांना कुणी मालक म्हटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "करार आण. भिंग आण." आणि सगळी पानं वाचली, कलमांखाली पेन्सिलीने रेघा मारत.

गेल्या बुधवारी तुइयाबाई आल्या तेव्हा त्यांना कॉफी आणि वेलचीचा पाव मिळायच्या आत बाबांनी धारेवर धरलं. मला वाटलं, आता माझी रजा कायमची बुडाली. पण बाबा लढत होते माझ्या बाजूने! दोन वर्षांची रजा कुठे गेली? बदलीला पाठवण्याआधी रुग्णाच्या सवयी विचारायचं कलम आहे की नाही? माझ्या पोरीला दम लागतो हे कळायला ती बर्फात पडावी लागली का? बिचाऱ्या तुइयाबाई म्हणाल्या, "अहो काका, पण ती रजा तर तुम्हीच अडवलीत." बाबा म्हणाले, "ते लिहून घ्या. माझ्याविरुद्धही तक्रार आहे." मी ओट्याकडे तोंड करून हसत होते, आणि खरं सांगू, अभिमानाने फुलत होते.

मग त्या म्हणाल्या, "बरं, बदली माणूस नातलगही चालतो. त्याच्याशी वेगळा करार करतो, त्यालाही मानधन मिळतं. आहे कुणी?" बाबा खिडकीबाहेर बघत बसले. इतका वेळ, की तुइयाबाईंनी पावाचा दुसरा तुकडा संपवला. मग म्हणाले, "वेइयो."

नऊ वर्षांत हे नाव या घरात त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांच्या पंच्याहत्तरीला तू सौनाच्या वाफेसाठी विजेची भट्टी घेऊन आलास, लाकडं फोडून त्यांची पाठ मोडू नये म्हणून. मला तेव्हाही ते कळलं होतं. त्यांना मात्र ऐकू आलं ते एवढंच, की म्हातारा झालास, कुऱ्हाड खाली ठेव. ते बोलले नाहीत. तूही बोलला नाहीस, गाडीत बसलास आणि तुर्कूला गेलास. आपल्या घरात भांडण झालं असतं तर आठवड्यात मिटलं असतं. गप्प बसलात, म्हणून नऊ वर्षं टिकलं. मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांचीही दया येते.

आता पाकीट जाड का, ते सांगते. आत बदली माणसाचा अर्ज आहे, सहीची जागा तेवढी रिकामी आहे. तारखा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातल्या, शुक्रवार ते रविवार. मी कुठे जाणार हे अजून ठरलेलं नाही, बहुतेक कुठेतरी नुसती झोपेन. अर्जावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. बाबांनी मला खोलीबाहेर काढलं आणि उजव्या हाताने सगळं स्वतः भरलं, सगळी सकाळ लागली. रुग्णाशी नातं, तिथे त्यांनी 'मुलगा' लिहिलंय, इतकं दाबून की पलीकडच्या पानावर उमटलंय. त्याखाली विचारलंय, या कामाचा पूर्वानुभव. तिथे लिहिलंय, 'काही नाही. मी शिकवीन.'

सही करून पाठव, आणि मागोमाग तूही ये.

तुझीच थकलेली थोरली,
राइली