यादीत न घेतलेला सिनेमा

मंगळवार, दुपार

प्रिय ढब्ब्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, पण माफी मागत नाही, तुला सवय आहे. आम्ही दोघं ठीक. तुझे दाजी गुडघा सोडून सगळीकडे बरे आहेत. मास्तरीणबाईंना सांग की त्यांनी विणलेले पायमोजे मी इथे घालते. डायलिसिसच्या खोलीत एसी असा लावतात, जणू माणसं नाही, भाजी ठेवलीय. बायको तुझी, पण सुचतं मात्र तिलाच.

पत्र खुर्चीतूनच लिहितेय. डाव्या हातात दोन सुया आहेत, तो मशीनला दिलाय. उजवा मोकळा आहे आणि मांडीवर पॅड. अक्षर भरकटलं तर समजून घे. फोन का करत नाहीस, असं परत विचारू नकोस. फोनवर तू "कशी आहेस" म्हणतोस, मी "बरी आहे" म्हणते, मग दोघंही गप्प. मग तू "आवाज तुटतोय वाटतं" म्हणून ठेवून देतोस. आवाज काही तुटत नसतो.

तर तुझी यादी. गेल्या दोन-तीन वर्षांतले कुठले विनोदी सिनेमे टिकणार यावर चार पानं लिहिलीस, आणि तळाशी एक ओळ : "आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं काय ठरवलंस तेही कळव." दुसऱ्या गोष्टीवर येते. आधी यादीचं बघू, कारण ती वाचून गप्प बसवत नाही.

पहिल्या नंबरला तू लिफ्टवाला ठेवलास. काय बघितलंस रे त्यात? लिफ्ट अडकते, आतली माणसं एकमेकांचे मोबाइल वाचतात आणि सगळ्यांच्या भानगडी बाहेर येतात. एकदा बघायला ठीक आहे. पण पुढे मोबाइलच वेगळे आले की ती गंमत पोरांना समजावून सांगावी लागेल, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला कोण हसतं? भाड्याच्या सासऱ्याचा दुसरा, तो मलाही मान्य. "पैसे घेतलेत, भांडण पूर्ण करूनच जाईन" म्हणून तो परक्याच्या घरात ठाण मांडून बसतो ना, ते कधीच शिळं होणार नाही. तिसरा, चोर शाळेत मास्तर होतो तो, तू बायकोला खूश करायला घेतलास. नाकारू नकोस. चौथ्याबद्दल मी काही बोलतच नाही. विनोदी सिनेमाच्या यादीत तू रडका सिनेमा कसा घातलास ते तुझं तुला माहीत.

आपली कसोटी विसरलास तू. लहानपणी टीव्हीवर एखादा सिनेमा परत लागला की तू टीव्हीसमोर उभा राहून आधीच हसायला लागायचास. विनोद पुढे असायचा आणि तू अगोदरच जमिनीवर लोळत असायचास. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "अरे, होऊ तर दे." मी तेव्हाच ठरवलं होतं, ज्या सिनेमात विनोदाच्या आधी हसू येतं तो टिकणार. बाकीचे येतात नि जातात.

इथे ती कसोटी फार सोपी झालीय. मशीनला लावलेला हात हलला की मशीन टीं-टीं करायला लागतं आणि सिस्टर धावत येतात. खुर्च्या चार, टीव्ही एक. विनोदी सिनेमा लावला की माणूस हसतो, हसला की हात हलतो, हलला की मशीन ओरडतं. मग खरं हसू कुठलं आणि भिडेखातर हसणं कुठलं ते लपत नाही. तुझ्या लिफ्टवाल्याला पहिल्या दिवशी तीन मशीनं वाजली. परत लावला तर खोली शांत. सिस्टर त्या दिवशी निवांत बसून नखं कापत होत्या.

शेजारच्या खुर्चीत वकीलसाहेब असतात. त्यांचं म्हणणं, सिनेमातलं वाक्य घराघरात भांडणात वापरलं जायला लागलं की तो टिकला. पलीकडे ड्रायव्हरकाका. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. बसमध्ये टीव्ही होता, पण तो त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे त्यांनी शेकडो सिनेमे नुसते ऐकलेत. इथे पहिल्यांदा डोळ्यांनी बघतात आणि सारखे हिरमुसतात. "हा होय तो?" म्हणतात. "आवाजावरून मी जरा बरा माणूस धरला होता." वकीलसाहेब आणि ते इतके भांडतात की सिनेमा लावायलाच उशीर होतो. चौथ्या खुर्चीतल्या बाई झोपतात. मी कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. गेल्या वेळी काय बोलले ते आज आठवत नाही, एवढा थकवा असतो. हसायला येतं तेव्हासुद्धा वाटतं, आता याला परत ताकद लागणार.

पायात गोळे यायला लागलेत. थांबते.

गुरुवार

परवा दुसऱ्या गोष्टीवर येते म्हणाले आणि पायावर ढकललं. तू ओळखलं असशीलच. गोळे खरेच आले होते, पण पाच मिनिटांत गेलेही होते.

सरळ लिहिते. तुझी किडनी मला जुळते, तू द्यायला तयार आहेस, आणि दवाखान्यातून पुढच्या तपासण्यांसाठी फोन येईल म्हणून तू वाट बघतोयस. तो फोन आला नाही, कारण मी डॉक्टरांना सांगितलं, "भाऊ अजून विचार करतोय." तू विचार करत नव्हतास. मी तुझ्या नावावर खपवलं. गेले तीन महिने ते भिजत घोंगडं मीच ठेवलंय आणि तुझ्या पत्राला सिनेमाची उत्तरं देतेय. दाजींनाही तेच सांगितलंय. ते बिचारे तुझ्यावर मनातून नाराज आहेत. बोलत नाहीत, पण तुझा विषय निघाला की भांडी विसळायला उठतात.

रागावलास तर रागाव. पण माझंही ऐक. आई गेल्यावर तुझे डबे मी केले, तुझ्या शाळेच्या सभांना मी गेले, तुझ्या लग्नात आईच्या जागी मी उभी राहिले. तू कधी काही द्यायला लागलास की मी "राहू दे रे" म्हणायचे. दिवाणखान्यातला पंखासुद्धा तू आणलास तो मी महिनाभर खोक्यात ठेवला होता. मला द्यायचं कळतं, घ्यायचं कळत नाही. आणि हे काही पंखा नाही. तुझं पोट फाडून काढायचं, तुला दोन पोरं, उद्या तुला काही झालं तर मी मास्तरीणबाईंच्या समोर कुठलं तोंड घेऊन जाऊ? त्यापेक्षा ही खुर्ची बरी, असं मी स्वतःला समजावलं. मग हळूहळू हेही वाटायला लागलं की खुर्चीही नको. हे मी कुणाला बोलले नाही. चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जाते, लोकांना "आता दिसतंय का नीट" विचारते आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडते.

आता तुझ्याबद्दल. तुझी यादी मी परत परत वाचली. त्यात एक सिनेमा नाही. ऑपरेशनवाला. सर्जन रक्त बघून बेशुद्ध पडतो आणि अर्धा बधिर झालेला पेशंट टेबलावरून सगळ्यांना सूचना देतो, तो. वर्षातला सगळ्यात गाजलेला विनोदी सिनेमा, आणि तुझ्या चार पानांत त्याचं नावसुद्धा नाही? तू तो बघितला नसशील हे शक्य नाही. मग दोनच गोष्टी. मला वाईट वाटेल म्हणून वगळलास, किंवा तुझ्याच पोटात गोळा आला.

मला वाटतं दुसरी. तू टॉन्सिलच्या वेळी दवाखान्याच्या पलंगाखाली शिरून बसला होतास. तुला बाहेर काढायला मीच वाकले होते. तेव्हा मला फसवू नकोस.

तीन तास झाले. सिस्टर प्रेशर बघायला आल्यात. सांगतायत, लिहिणं बास.

शनिवार

आज गंमत झाली, म्हणून घरी येऊन लिहितेय. सांगते, मग पत्र बंद करते.

वकीलसाहेबांनी ऑपरेशनवाला मागितला. टेक्निशियन म्हणाला, इथे नको, पेशंटना त्रास होईल. त्यावर ड्रायव्हरकाका म्हणाले, "आम्हाला आणखी काय त्रास व्हायचा राहिलाय?" मतदान झालं. चौथ्या खुर्चीतल्या बाईसुद्धा उठून बसल्या. मी हात वर केला नाही, पण नाहीही म्हणाले नाही.

ढब्ब्या, काय सांगू. तो पेशंट टेबलावर आडवा, आणि बेशुद्ध सर्जनकडे बघून विचारतो, "यांचे पैसे वेगळे लागतील का?" चारही मशीनं एकदम. सिस्टर इकडून तिकडे, एक बंद करतायत तोवर दुसरं. शेवटी त्या स्वतःच भिंतीला टेकून हसायला लागल्या. वकीलसाहेबांनी डोळे पुसले. मी सिनेमा आधी एकदा बघितला होता, त्यामुळे ते वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. आणि माझं मशीन सगळ्यांच्या आधी वाजलं. वाक्य अजून यायचं होतं. तू टीव्हीसमोर लोळायचास ना, तसं.

वेळ संपली तरी सिनेमा संपला नव्हता. सुया काढल्या. एरवी या खुर्चीतून कधी एकदा उठते असं होतं. आज मी सिस्टरना म्हणाले, "जरा बसू का? शेवट बघते." त्या म्हणाल्या, "कापूस दाबून बसायचंच आहे, बसा." मी कापूस दाबून बसले.

आणि दारात हसण्याचा आवाज आला. तुझे दाजी. मला न्यायला आले होते, खांद्याला पिशवी, हातात माझी चप्पल. आत यायचं विसरून टीव्हीकडे बघत उभे होते आणि हसत होते. त्यांचं हसणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. आणि हसताना त्यांचा चेहरा किती उतरलाय तेही दिसलं. शर्टाची कॉलर मोठी झालीय त्यांना. माझ्या आजारपणात मी एकटीच थकलेय असं मी धरून चालले होते.

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं हसून डोळ्यांत पाणी आलंय, ते बरं झालं.

गाडीत त्यांना सगळं सांगितलं. भाऊ नाही, मीच टाळत होते म्हणून. त्यांनी गाडी कडेला घेतली. मग एवढंच म्हणाले, "मी त्याला वाढदिवसाला फोन केला नाही यंदा. आता काय तोंडाने करू?" तर त्यांचा फोन आला की नेहमीसारखा उचल आणि काही झालंच नाही असं बोल.

तिथूनच गाडी वळवली आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसलो. मी सांगितलं, भाऊ तयार आहे, अडवून धरलं होतं ते मी. ते रागावतील वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, "आणि आता?" मी "हो" म्हणाले. पुढच्या आठवड्यात तुला फोन येईल.

पण त्याआधी एक काम कर. मास्तरीणबाईंना शेजारी बसव आणि तो सिनेमा बघ. पूर्ण. भीती वाटली तर मला "वाटते" असं लिही. भीती वाटली म्हणजे तू नाही म्हणालास असं मी धरणार नाही. मलाही वाटते, रोज. आणि खरंच नाही म्हणायचं असेल तर तेही लिही, अगदी फोन आल्यानंतरसुद्धा. मी पलंगाखालून ओढून काढणार नाही या वेळी. तू तिथेच बस, मी वाकून तुझ्याशी बोलेन आणि आपलं भांडण फक्त लिफ्टवाल्यावरून राहील.

पण "हो" असेल, तर मी घेणार आहे. "राहू दे रे" म्हणणार नाही. खोक्यातही ठेवणार नाही.

यादीवरचा वाद काही मिटलेला नाही. कुठला सिनेमा टिकतो ते बघायला आणखी बरीच वर्षं जावी लागतात, आणि मला ते स्वतः बघायचंय. तू हरलास की तुझ्या तोंडावर हसायला मी तिथे हवी.

पोरांना पापा. मास्तरीणबाईंना नमस्कार सांग, आणि सांग की मी त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे, त्यांची परवानगी मागायला. ते आधीच करायला हवं होतं.

आशीर्वाद नेहमीचेच. सही मात्र पहिल्यांदाच अशी करतेय.

तुझी,
घेणारी ताई