केरबाची हातोडी आणि माझा शिक्का

मी, नाथाजी ज्ञानू इंगळे, वय ६९, निवृत्त वेल्डर, राहणार वडूज, डोके ठिकाणावर असताना, कुणीही भरीस न घालता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो.

१. वडूजचे घर मुलगी क्रांती हिला. पुढचे वाचून ती नको म्हणाली तरी तिचेच.

२. आमचा सुपरवायझर आप्पासो याने माझ्या तिरडीला हात लावू नये. कारण खाली आहे.

३. एकोणीस वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या कारखान्यात अणुभट्टीच्या भांड्याचा चाचणीसाठीचा नमुना मी आणि केरबाने जोडला. जाड पोलादाचा जोड थंड होताना आकसतो, भोवतालचे पोलाद त्याला आकसू देत नाही आणि ती ओढ आत अडकते. जोड भट्टीत तापवून सावकाश निववला तरच ती सुटते. काम संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. केरबा म्हणाला, "आजच भट्टीत घालू गड्या. वढ ऱ्हायली तर घात हुईल."

मी म्हणालो, "आरं, उद्या हत्यारं पूजंला बसणार, भट्टी पेटवायची न्हाई. दसरा झाल्यावर बघू."

दसऱ्यानंतर केरबा गावी होता आणि माल उचलायची घाई होती. आप्पासो म्हणाला, "मार शिक्का." भट्टी दिल्याचा शिक्का मी मारला. केरबा परत आला तेव्हा त्यालाही "दिली" म्हणून सांगितले.

जानेवारीत, गार पाण्याच्या दाबाने चाचणी झाली. असे पोलाद गारठले की वाकत नाही, फुगत नाही. केसाएवढ्या चिरेपासून एका क्षणात फुटते. केरबा समोर उभा होता. तो जागीच गेला. चौकशीत आप्पासो म्हणाला, भट्टीचे काम केरबाकडे होते. मी मान डोलावली.

४. जोडावरची मळी उडवायची केरबाची हातोडी मी ठेवून घेतली आहे. ती त्याची बायको अंजनावहिनी यांना द्यावी. दर खंडेनवमीला त्या येऊन तिला झेंडूचा हार घालतात आणि म्हणतात, "भावजी, त्यांच्या चुकीपायी तुमच्या नावाला बट्टा लागला. मनात धरू नगा." मी चहा पीत बसतो. जिवंतपणी हे माझ्या तोंडून निघणार नाही, एवढे मला कळून चुकले आहे.

५. क्रांतीने कलम ३ माझ्या दहाव्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. पिंडाला कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करू नये. पिंड तसाच राहू द्यावा.

ठिकाण: वडूज
दिनांक: ३ डिसेंबर २०२४
सही: नाथाजी ज्ञानू इंगळे

साक्षीदार:
१. तात्याबा रामू घाडगे, शेजारी
२. जयराज केरबा मोहिते. काकांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचू का विचारले, काका नको म्हणाले. वडिलांच्या जागी आहेत, म्हणून न वाचता सही केली.