खोडायला पान नसलेली कादंबरी

मंगळवार, संध्याकाळ

अक्का मुरगूडहून आली आणि चपला काढायच्या आधीच तिने ती कादंबरी मागितली. मी विकत घेऊन ई-रीडरवर वाचलेली. "वाचून झालीया न्हवं? मग धाड की माझ्या फोनवर. तुजं काय जातंय?"

तेच तर. काहीच जात नाही. फाईल तिला मिळणार आणि माझ्याकडेही राहणार. याला देणं म्हणायचं? उद्या ती जावेला धाडणार, जाऊ तिच्या बहिणीला. कागदी पुस्तकही गावभर फिरतंच म्हणा. पण एका वेळी एकाच्याच हातात.

आप्पा पुस्तक कुणाला दिलं की पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव खोडायचे, खाली घेणाऱ्याचं लिहायचे. मग परत मागायचं नाही. फाईलवर कुठे खोडू?

हे बोलले तर अक्का भडकलीच. "येवढं शिकून असलं डोस्कं झालं व्हय गं तुजं?" चहाचा कप तसाच ठेवून उठली.

मग मी ई-रीडरच तिच्यापुढे धरला. कव्हरच्या आत माझं नाव होतं. ते खोडलं, खाली तिचं लिहिलं. ती खोडलेल्या नावाकडे बघत राहिली. शेवटी तीही आप्पांचीच लेक. ई-रीडर पिशवीत टाकला आणि उरलेला चहा प्यायली.

आत्ता वाचायला बसले आणि सवयीने हात टेबलावर गेला. त्याच ई-रीडरवर दुसरी एक कादंबरी अगदी शेवटाला आली होती. खून कुणी केला ते कळायचं होतं.

तीही मुरगूडला गेली.