भोकातून सोडलेला डबा

८ ऑक्टोबर १९५५, स्प्लिट

पोचले एकदाची. बोट लागली तेव्हा बार्तुल धक्क्यावर उभा होता. सहा महिन्यांनी आईला पाहतोय, तर पहिलं वाक्य काय, म्हातारे, एवढं बोचकं कशाला, इथे बटाटे मिळतात. असा माझा मुलगा. ऐकून बरं वाटलं.

सून लुक्रिया प्रसूतीच्या दवाखान्यात आहे. पाय सुजलेत, डॉक्टरांनी पलंगावरून हलू नको म्हणून सांगितलंय. म्हणून मला बोलावणं. मास्तरीणबाईंनी निघताना ही वही दिली. म्हणाल्या, जेर्का, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर म्हातारपणी शिकलेली अक्षरं आली तशी निघून जातील. लिहिते. अक्षर वाकडं आलं तर आलं.

आता मी राजवाड्यात राहते! रोमच्या सम्राटाचा राजवाडा. तो मेला, त्याचे लोक गेले, मग गावाने आत शिरून भिंती घातल्या, चुली मांडल्या, खांबाखांबाला कपड्यांचे दोर बांधले. आमच्या जिन्याची भिंत सम्राटाची, जिना कुणा खाटकाने बांधलेला, आणि छपराची गळती आमची स्वतःची. दगड मात्र सगळा आमच्या ब्राच बेटावरचा. माझा बाप त्याच खाणीत राबला आणि नवरा त्याच खाणीत चेंगरला. म्हणजे परक्या घरात आले असं काही वाटत नाही.

स्वयंपाकघर लहान आहे पण उजेड आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. कोपऱ्यात जमिनीला एक भोक आहे, मोठा माणूस आत उतरेल एवढं. वर दगडी झाकण, त्याला लोखंडी कडी. बार्तुल म्हणाला, खाली तळघराची दालनं आहेत. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या खरकटं, राख, सांडपाणी, सगळं या भोकातून खाली ओतत आल्या. दालनं छतापर्यंत भरून गेली. आता तो आणि त्याचे सोबती तीच घाण उपसतायत. माझा मुलगा सम्राटाच्या वाड्यात कामाला आहे म्हणून मी बेटभर सांगितलं होतं. काम हे.

११ ऑक्टोबर

आज गंमत झाली. भांडी घासताना पायाखालून शिट्टी ऐकू आली. ही शिट्टी मी ओळखते, लहानपणापासून ती बेसूरच आहे. झाकण सरकवून वाकून पाहिलं, तर खाली कंदिलाच्या उजेडात बार्तुल, गुडघाभर चिखलात. हात वर केला असता तर माझ्या हाताला लागला असता. घाण अजून तेवढी वर आहे.

इंजिनियर त्यांना सांगतो म्हणे, वरचे सम्राटाचे महाल पडले, पण खालची दालनं भिंतीला भिंत लावून वरच्यासारखीच बांधलेली आहेत. खालचं दालन मोकळं झालं की वर काय होतं ते कळतं. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी सम्राटाची जेवणाची खोली होती. तो इथे आडवा पडून जेवायचा. आडवं पडून! माझ्या घरात असं कुणी जेवलं असतं तर पळी बसली असती.

तर मी ठरवलं. मुलगा पायाखाली राबतोय आणि सुक्या भाकरीवर दिवस काढतोय, हे काही बरं नाही. उद्यापासून दुपारच्या घंटेला डबा खाली सोडायचा.

१३ ऑक्टोबर

टोपलीत झाकणाचा डबा, भाकरी, पाणी घातलेली वाइन. दोराने खाली. आज मासळीचा रस्सा होता. कालच्यासारखीच भोकावर वाकून हाक मारली, बार्तुल, जेवायला ये रे! तो खाऊन ओरडला, म्हातारे, ब्राचवरचं मीठ संपलं का? खालचे सगळे मजूर हसले. मी म्हटलं, मीठ नाही, जीभ संपली तुझी. जन्मात या पोराने माझ्या हातच्या जेवणाला चांगलं म्हटलेलं नाही.

ते उपसतात तशी खालची जमीन खोल जाते. दोर पुरत नाही. आज गाठ मारून तुकडा जोडला.

शेजारची शोरा तोंका डोकावली, शोरा म्हणजे आमच्याकडे बाई. अंगाने चिपाड, आवाजाने घंटा. तिने टोपली वर येताना पाहिली आणि हातातला कांदा टाकला. विचारलं, त्या भोकातून चांगलं अन्न सोडलंस? मी म्हटलं, मग काय वाईट सोडू, माझा मुलगा आहे खाली. ती म्हणाली, बेटावरच्या बायकांना समुद्रापलीकडचं काही कळत नाही. मी म्हटलं, राजवाड्यातल्या बायकांना सांडपाणी कुठे ओतावं हे कळत नाही. निघून गेली.

१९ ऑक्टोबर

दोराला आता चार गाठी झाल्या. बार्तुल खाली बाहुलीएवढा दिसतो. दालन मोठं आहे, देवळासारखं.

लुक्रियाला मुलगी झाली! काल पहाटे. दोघी ठीक. बार्तुल काम सुटलं की थेट दवाखान्यात पळतो, घरी येतो तो झोपायला. बोलायला वेळ नाही. मी तांबड्या लोकरीची टोपी विणायला घेतली.

तोंका सुक्या अंजिरांची ताटली घेऊन आली. भांडण मिटलं. मग बसून जे सांगितलं ते लिहिते. म्हणाली, सम्राट मेला तेव्हा त्याला इथेच, आजच्या मोठ्या चर्चमध्ये पुरलं होतं. ज्या संत दुयेचं त्याने मुंडकं उडवलं, त्याच्याच नावाने पुढे तिथे चर्च झालं आणि सम्राटाला बाहेर काढून फेकलं. कुठे, ते कुणाला माहीत नाही म्हणतात. मग ती कोपऱ्यातल्या झाकणाकडे बघून म्हणाली, या घरच्या बायकांना माहीत आहे. रोज सकाळी पहिली बादली म्हाताऱ्यावर. घाणेरडी, उष्टी, नासकी. त्याला कधी पान वाढायचं नाही. वाढलं की त्याला आठवतं, आपण कोण होतो ते.

मी म्हटलं, शोरा तोंका, तुझी अंजिरं चांगली आहेत.

२४ ऑक्टोबर

आज चवळी आणि हिरवी पालेभाजी, वर भरपूर तेल. हाक मारली, टोपली सोडली. खाली कंदील दिसला नाही, पण दोराला ओढ लागली, टोपली रिकामी झाली. डबा चाटून पुसून परत. आणि खालून आवाज आला, चांगलं झालं होतं, आई.

बाप झाल्यावर अक्कल आली म्हणायची. दुपारभर मला गाणं सुचत होतं.

२७ ऑक्टोबर

दक्षिणेचा वारा सुटलाय, भिंतींना घाम. डोकं दुखतं सगळ्यांचं.

एक गोष्ट कळत नाही. दोर पूर्वी चौथ्या गाठीपर्यंत जायचा, तेव्हा टोपली जमिनीला टेकायची. परवा तिसऱ्या गाठीलाच ओढ लागली. आज दुसऱ्या. खाली घाण वाढत नाही, ते तर उपसतायत. मग बार्तुल कशावर उभा राहून टोपली घेतो? शिडी असेल.

आजही म्हणाला, फार चांगलं होतं, आई. आणखी दे.

२९ ऑक्टोबर

आज शनिवार. बार्तुल लवकर घरी आला. मी सूप वाढलं आणि म्हटलं, शेवटी शिकलास आईचं कौतुक करायला. त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, म्हातारे, सोमवारपासून आम्ही पश्चिमेच्या दालनात आहोत. तिथे सगळ्यांचा मिळून एक हंडा शिजतो. डबा आला नाही तेव्हा मला वाटलं तू कशावरून तरी रुसलीस.

मी विचारलं, मग इथे खाली कोण आहे.

कुणी नाही. पूर्वेच्या दालनाला कुलूप आहे. किल्ली इंजिनियरकडे. बार्तुल हसला, म्हणाला, एखादा भुकेला मजूर कुठूनतरी घुसला असेल, तुझ्या हातचं खाऊन आपणहून मरेल. आणि सुपात मीठ नाही म्हणाला.

मी हसले नाही. हंड्याचं तो आता सांगतोय. सोमवारपासून मी रोज त्याचं नाव घेऊन हाक मारलीये. त्याच्या नावाने वाढलंय. रोज.

३१ ऑक्टोबर

डबा सोडला नाही. झाकण घट्ट बसवलं, वर पिठाचं पोतं ठेवलं.

दुपारची घंटा झाली आणि खालून टक. टक. डब्यावर चमचा वाजवतात तसं. भर उन्हात, खिडकी उघडी, खाली रस्त्यावर बायका मासळीवरून भांडतायत — आणि माझ्या पायाखाली टक, टक.

तोंकाला बोलावलं. तिने कान लावून ऐकलं. मला वाटलं टोमणा मारेल. मारला नाही. माझा हात धरून म्हणाली, बादली भर, जेर्का. जितकी घाण मिळेल तितकी. आणि वाढलंस तू, म्हणून ओतायलाही तूच पाहिजेस.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. नवऱ्याच्या नावाने मेणबत्ती लावली. मग बादली. माशांची आतडी, राख, धुण्याचं पाणी, दोन दिवस नासवलेलं. पोतं ओढलं, झाकण सरकवलं. आत काळोख. काळोख अगदी जवळ होता, तो कसा सांगू. विहीर भरलेली असावी तसा.

ओतलं.

आतून बार्तुलचा आवाज. त्याचाच. आई, माझ्यावर का ओततेस, मी काय केलं.

 मग राग आला. राग आला की माझं तोंड सुटतं, ते आजवर कुणाला आवरलेलं नाही. मी वाकून म्हटलं, तू माझा मुलगा नाहीस. माझा मुलगा मला आई म्हणत नाही, म्हातारे म्हणतो. माझा मुलगा चांगलं झालं म्हणत नाही, मीठ कमी म्हणतो. तू कोण आहेस ते मला कळलंय, पड तिथेच.

आत शांत झालं. तोंका म्हणाली, शाबास. मलाही तसंच वाटलं.

४ नोव्हेंबर

दोन दिवस काही नाही. टकटक नाही. रोज सकाळी बादली ओतते. बार्तुलला म्हटलं, ते काम सोड, बंदरावर जा. तो म्हणाला, आता खरंच म्हातारी झालीस. सोमवारी लुक्रिया बाळाला घेऊन घरी येते. पाळणा स्वयंपाकघरात ठेवायचा म्हणतो, उबेला. मी नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

टोपी विणून झाली.

५ नोव्हेंबर

पश्चिमेच्या दालनात मातीचा कडा कोसळला. पावसाने भिजला होता. सगळे बाहेर आले. बार्तुल नाही.

संध्याकाळपर्यंत तळघराच्या बंदराकडच्या दारात उभी होते. फावड्यांचा आवाज येतो. इंजिनियर पोरगेलासा आहे, डोळे लाल झालेले. म्हणतो, मावशी, मधली भिंत फुटली आहे, तो फटीतून पूर्वेच्या दालनात शिरला असेल तर जिवंत असेल. पूर्वेच्या दालनाचं दार मातीने दाबलंय. तिकडूनही खणतायत.

पूर्वेचं दालन. म्हणजे माझ्या पायाखालचं.

६ नोव्हेंबर, सकाळ

झाकण उघडून हाक मारली. नाव नाही घेतलं. नुसतं, कोण आहे. उत्तर नाही. बादली भरून ठेवलीये. दोरही ठेवलाय. तोंका खाली खणणाऱ्यांपाशी गेली, काही कळलं की येते म्हणाली.

लुक्रियासाठी लिहून ठेवते आता. माझं काही झालं तर तिने वाचावं.

दुपार

घंटा झाली. आणि खालून — म्हातारे.

म्हातारे, पाय अडकलाय. दोर टाक गं.

 मग म्हणतो, त्या दिवशीच्या सुपात मीठ कमी होतं.

हे मीच सांगितलं त्याला. मीच, या तोंडाने, या भोकावर वाकून. पण सूप खरंच केलं होतं, गेल्या आठवड्यातल्या शनिवारी. पण ते याच खोलीत बोललो आम्ही, झाकणाशेजारी. ऐकलं असेल. किंवा माझं पोर खाली मोडक्या पायाने पडलंय आणि त्याची आई बादली घेऊन उभी आहे.

कण्हतोय. लहानपणी ताप आला की कण्हायचा तसं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोराचं टोक टेबलाच्या पायाला बांधलं. टाकला.

दोर पहिल्या गाठीलाच थांबला.

पहिल्या. बार्तुल खाली जमिनीवर असता तर चारही गाठी गेल्या असत्या. पहिली गाठ म्हणजे — हात घातला तर हाताला लागेल इतकं — 

जिन्यावर तोंका ओरडतेय. जेर्का, सापडला गं! जिवंत आहे, पश्चिमेलाच होता, शिव्या देतोय, पाणी मागतोय, जेर्का दार उघड —

टेबल सरकलं. मी त्याच्यावर बसलेय तरी सरकतंय.

दोर कापायला सुरी — सुरी पलीकडे, भोकाच्या पलीकडे —

लुक्रिया, बाळाला इथे आणू नकोस. कुणी माझ्या आवाजात बोलावलं तरी येऊ नकोस. मी कधी गोड बोलत नाही, हे लक्षात ठे— नाही, हे मोठ्याने बोलले का मी? लिहिताना मी मोठ्याने बोलते. मास्तरीणबाई नेहमी —

बोटं आली काठावर. बोटात जड सोन्याची अंगठी आहे. म्हणतो, आई, पान वा