ओल्या बर्फाची वेगळी चूल

४ डिसेंबर

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. पार्सल पोचलं. आईने लोकरी मोजे लगेच पायात चढवले आणि शेजारणीला दाखवूनही आली. माझे मात्र बोटभर आखूड निघाले.

आता कामाचं. बर्फाचा कडा सुटला तर तो उतारावरून कुठवर येईल, हे सांगणारा आपला प्रोग्राम. ‘आपला’ म्हणते खरी, पण कॉलेजच्या तळघरात, बिघडलेल्या हीटरशेजारी बसून तो मी एकटीने लिहिला. सगळ्यांना फुकट खुला केला तेव्हा वाटलं होतं, कोणी ना कोणी परकी माणसं येऊन त्यात भर घालतील. सख्खी बहीण येईल असं वाटलं नव्हतं. तुझा ओल्या बर्फाचा बदल परत पाठवते आहे, तिसऱ्यांदा. टिपा अपुऱ्या आहेत, चाचण्या घाईच्या आहेत. याला हट्ट म्हणू नकोस.

परिषदेत तुझं फार कौतुक झालं म्हणे. आईकडून कळलं. आनंद झाला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे बदलून पाठवते. बदल मात्र तोच पुन्हा पाठवते आहे.

इथल्या बर्फ-कचेरीसाठी मी रोज सकाळी गावावरच्या उतारावर खड्डा खणून बर्फाचे थर हाताने चाचपते. यंदा ऐन थंडीत पाऊस पडतोय. बर्फ भिजून कालवलेल्या सिमेंटसारखा जड झालाय. तुझ्या प्रोग्रामला तो कोरडाच वाटतो, म्हणून त्याच्या नकाशात बर्फ ओढ्याच्या वळणावर थांबतो. माझ्या हिशोबाने तो ओढ्यातून घसरत थेट बेकरीच्या घरांच्या रांगेत शिरतो. बेकरीवाल्याची सून वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. नगरपालिकेचे इंजिनिअर म्हणतात, तुमच्या बहिणीची मुख्य आवृत्ती घरं सुरक्षित सांगते, आधी तिला पटवा.

ताई, खरं सांग. कोडमध्ये खोट आहे, की तो माझा आहे हीच खोट? या आठवड्यात उत्तर नाही आलं तर मी तुझा प्रोग्राम उचलून, त्यात माझा बदल घालून वेगळी चूल मांडीन.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी धाकटी

१६ डिसेंबर

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

मांड. तशी मुभा मी पहिल्याच दिवशी सगळ्या जगाला दिली आहे, त्यात तू आलीस.

आई बरी आहे. तुझा फोटो तिने फ्रिजवर लावलाय. दूध काढताना रोज दर्शन होतं.
ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूल मांडली, हे तुला कळलंच असेल. तुझ्या प्रोग्रामात भर घालणारी बरीच मंडळी माझ्याकडे आली. तुझा तो लाडका विद्यार्थीसुद्धा. मी कोणाला बोलावलं नव्हतं, शपथ.

त्यांनी माझी आवृत्ती तपासून दुजोरा दिला, तेव्हा कुठे इंजिनिअर ऐकले. बेकरीची रांग रिकामी केली. माणसं शाळेच्या हॉलमध्ये पडदे लावून राहताहेत, तान्ह्या बाळासकट. आणि तेव्हापासून स्वच्छ ऊन! कड्यावरून बर्फाचा गोळासुद्धा घरंगळलेला नाही. बेकरीवाला मला बघून रस्ता ओलांडतो. काल त्याच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारलं, की तुमच्या त्या कॉम्प्युटरपायी आम्ही अजून किती दिवस सतरंजीवर झोपायचं.

मी चुकले असेन तर तूच सांग. तुझ्याइतकं बारीक कोणी वाचत नाही.

तुझी वाट बघणारी,
धाकटी

१४ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. चहासुद्धा गोड लागला. मग तुझा कोड उघडून बसले, तुझी चूक शोधायलाच. माझा विद्यार्थी जिथे जाऊन बसला, तिथे काय पिकतं ते एकदा बघायचं होतं.

बेकरीचं तुझं बरोबर आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. पण एक चूक सापडली. झाडं ओल्या बर्फालाही कोरड्याइतकीच अडवतील असं तू धरलं आहेस. तो लोंढा झाडं मोडून पुढे जाईल. ती ओळ बदलून पुन्हा चालवलं, तर नकाशातला धोक्याचा लाल पट्टा बेकरीशी थांबेना. रानाखालची तुझी कचेरी त्यात आली, तुझ्या टेबलासकट.

हे पत्र पोचेपर्यंत थांबणं शक्य नाही. आता फोन करते आहे. या वेळी मला वाक्य पुरं करू दे.

तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा पाऊस झाला आणि दुपारी कडा सुटला. आवाज मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओतावी तसा. बेकरीची भिंत आत गेली, भट्टी गाडली गेली. वरचं रान आडवं झालं. कचेरीच्या खिडक्यांतून बर्फ शिरला तो छतापर्यंत. तुझ्या फोननंतर आम्ही सामान पोस्टाच्या मागच्या खोलीत हलवलं होतं. माणूस एकही गेला नाही.

बेकरीवाला आला. नातवाला माझ्या हातात दिलं आणि जागेवरच खाली बसून रडला.

पेपरवाले आले होते. झाडांची चूक ताईने काढली, असं मी तीनदा सांगितलं. छापलं मात्र त्यांना हवं ते.

ताई, दोन चुली नकोत आता.
तुझी धाकटी

३० जानेवारी

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

पेपर पाहिला. फोटो तुझा, नाव तुझं, आणि माझा उल्लेख ‘एका नातेवाईक महिलेने’. आईने पाच प्रती आणल्या. मी जळले, अगदी नीट जळले. पण कडा सुटल्याचं कळल्यापासून फोनवर तुझा आवाज येईपर्यंत माझे जे हाल झाले होते, त्यापुढे हे जळणं परवडलं.

तुझा बदल मुख्य आवृत्तीत घेतला आहे, टिपा माझ्या मीच लिहिल्या. बाकीचं समोरासमोर बसून करू. रविवारच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर कोणी तुला ओळखून हात मिळवायला आलं, तर मी त्याच गाडीने परत फिरेन.

तोवर जिवाला जप.
तुझी नातेवाईक महिला