तळ्यावरच्या केबिनचं हक्कसोडपत्र

प्रिय अर्लिसताईस,

धाकट्या वर्नरचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा आहे. इकडे मिनेसोटात तळ्यावरचा बर्फ नुकताच गेला. तुझ्या भावजयीला, म्हणजे बेव्हला, सर्दी झाली आहे (पण बोलणं थांबलेलं नाही).

पत्रास कारण, बाबांनी आपल्या दोघांच्या नावे निम्मं निम्मं ठेवलेलं केबिन. काय सांगू त्याची दशा! छप्पर गळतं. होडीचा लाकडी धक्का बर्फानं ओढून नेला (अर्धा पलीकडच्या गुस्टाफसनच्या काठाला लागला, आणि तो आता परत द्यायला तयार नाही). माळ्यावर वटवाघळं नांदताहेत. तळ्यात मासा म्हणून औषधाला उरलेला नाही. ही ब्याद तुझ्या गळ्यात कशाला, म्हणून तुझाही हिस्सा माझ्या नावावर करून घ्यायला गेल्या महिन्यात मी काउंटीच्या नोंदणी कचेरीत गेलो. तिथं हक्कसोडपत्राचा छापील कागद मिळतो. मोठा मजेशीर कागद आहे. या जागेत माझा काही हक्क असलाच तर तो तुझा, नसला तर नाही, आणि हमी कशाचीच नाही, एवढंच त्याचं म्हणणं. (बेव्ह म्हणाली, चर्चमध्ये लग्नाच्या वेळी आपल्याकडून हाच कागद वाचून घ्यायला हवा होता.)

कागदावर दोन रकाने होते, देणारा आणि घेणारा. फीचे सेहेचाळीस डॉलर माझ्याच खिशातून जाणार, म्हणून देणाऱ्यात मी माझं नाव घातलं. आणि घेणारी कोण, हे आपल्या घरात लहानपणापासून ठरलेलं आहे. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "देणारे तुम्हीच ना? नक्की?" मी म्हटलं, "बाई, गेली चाळीस वर्षं मीच देतोय. आकडा सांगा." कायद्याचा सल्ला द्यायची त्यांना मनाई आहे, त्यामुळे त्यांनी पुढे फक्त आकडा सांगितला. नोटरीसमोर मी सही ठोकली. गंमत म्हणजे तुझी सही लागलीच नाही. तेव्हा ताई, केबिनची काळजी आता कायमची सोड. रागावू नकोस, तुझ्या भल्यासाठीच केलं.

तुझा,
वर्नर

ता. क. पाकीट चिकटवणार तोच नोंद झालेला कागद टपालानं परत आला. बेव्हनं तो वाचला आणि हसून हसून खालीच बसली. म्हणाली, "अरे दानशूर माणसा, देणारा म्हणजे फी देणारा नाही, जागा देणारा." म्हणजे माझा निम्मा हिस्साही आता तुझाच. (चार पानं लिहून झाली होती, म्हणून पत्र फाडलं नाही.) सोबत हक्कसोडपत्राचा कोरा कागद आहे. सगळं नको, माझं निम्मं तेवढं परत कर.

ता. क. २. मिनिआपोलिसच्या त्या दंतवैद्याला केबिन विकून टाकू, असं तू नाताळात फोनवर म्हणाली होतीस. कृपा करून त्याला फोन करू नकोस. छप्पर मी सप्टेंबरात नवं घातलं. धक्का जागच्या जागी आहे. काल दोन तासांत तीन वॉलआय मासे गळाला लागले. ताई, खरं सांगतो, या जागेवर माझा फार जीव आहे. बाबांनी आपल्याला पोहायला शिकवलं ते इथंच.

ता. क. ३. जूनमध्ये तूच ये ना. सही इथल्या बँकेतल्या नोटरीसमोर होईल, आणि बेव्ह तुझ्या आवडीचा, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश करील. अकरा वर्षं झाली तुला येऊन. तोवर मी इथं राहिलो तर चालेल का, तेवढं उलटटपाली कळव. या ओळी केबिनच्या, म्हणजे तुझ्याच, ओसरीत बसून लिहितो आहे.