मी बंद केलेला आवाज

प्रिय अनुपमा,

फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितोय. प्लास्टर निघाल्याचं कळलं. मूठ वळते का आता?

गेल्या आठवड्यात पाटसला घरी गेलो होतो. कारखान्याचा हंगाम जोरात आहे, हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. आई बरी आहे. आबा मात्र पूर्वीसारखे नव्हते. टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि आमच्याकडे बघून विचारायचे, "लई मोठा झाला का?" त्याचं कारण पुढे लिहितो.

दौंडच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो, दोघांनाही वैमानिक व्हायचं होतं. तू झालीस. मी डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो आणि संगणकाकडे वळलो. ज्याला मोटारसायकल येते त्याला विमानही यायलाच हवं, हे माझं वेड त्या नापास होण्यातून आलं. तू म्हणाली होतीस, "सोपं कर, माझी ना नाही. पण गाडीत काही बिघडलं तर माणूस कडेला थांबतो. वर तसं थांबता येत नाही. यंत्राला जमेनासं झालं की त्यानं आधी सांगायला हवं, एवढं बघ." मी फटकन बोललो, "तुझी विद्या स्वस्त होईल, म्हणून तू घाबरतेस." त्या वाक्याची तेव्हाच लाज वाटायला हवी होती. तरीही मी बोलावल्यावर तू, संगणकानं विमान चालवू पाहणाऱ्या आमच्या कंपनीत आलीस. यंत्रानं कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही आपण दोघांनी मिळून ठरवलं: "पायलट, ताबा घ्या."

त्या दिवशीचं तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते क्रमानं लिहू दे. शिरूरच्या माळावर पाहुण्यांना उड्डाण दाखवायचं होतं. विमानाची काहीच माहिती नसलेला माणूस हवा, म्हणून मी आबांनाच बसवलं. शेजारी तू, काही झालंच तर सावरायला. फेटा नीट करत आबा म्हणाले, "ट्रॅक्टरपरीस हलकं हाय की." पडद्यावर बोट ठेवायचं, विमान तिकडे जायचं. घोडनदीवरून दोन फेऱ्या झाल्या, टाळ्या पडल्या. उतरताना आडवा वारा आला आणि यंत्रानं सगळं तुझ्यावर सोडून दिलं, न सांगता. शेवटच्या क्षणी तू दांडा ओढलास, म्हणून विमान जोरात आपटलं तरी उलटलं नाही. आबांना खरचटलंही नाही. मनगट तुझं मोडलं.

चौकशीत तू सांगितलंस, सूचना ऐकू आली नाही. आबाही तेच बोलले, "मशीन काय बोललीच न्हाई, सायेब." मी म्हणालो, वेळेवर वाजली होती. नोंदी दाखवल्या. आणि आबांकडे न बघता सांगितलं की माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. तुझंच लक्ष नव्हतं असं ठरलं आणि तुझं लायसन्स अडकलं. परतताना गाडीत आबा एवढंच म्हणाले, "मला ऐकू येतं असं वाटत हुतं रं." दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं दौंडला जाऊन कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत. तरी त्यांचा स्वतःच्या कानांवर भरवसा बसेना. मुलगा खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

सूचना वाजली नव्हती, अनुपमा. मी ती बंद केली होती. आदल्या दिवशी सरावात ती सारखी वाजली, तेव्हा कंपनीचे मालक म्हणाले, "पाहुण्यांसमोर ही किरकिर नको." तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणून तुला विचारलं नाही. उड्डाण झालं की पुन्हा चालू करू, असं मनाशी म्हटलं. दोन मिनिटांचं काम होतं. नंतर सूचना बंद केल्याची नोंदींतली एक ओळ काढायला तेवढाही वेळ लागला नाही. नोकरीची भीती होतीच. पण सगळे म्हणतील की विमान असं सोपं होतच नसतं, ही भीती जास्त होती. ते होईल, असं मला अजूनही वाटतं. फक्त ते माझ्यासारख्या माणसाच्या हातून होऊ नये.

मी घरी असतानाच, रविवारी आबांच्या फोनवर तुझा मेसेज आला. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी मलाच वाचायला दिला. "आबा, माझं लक्ष नव्हतं. तुमच्या जिवावर बेतलं. मी विमान सोडलंय, रांजणगावला ऑफिसात लागतेय. माफ करा." पुढचं मला वाचवेना. तिथंच ओट्यावर आबांना सगळं सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला. मग म्हणाले, "आदी त्या पोरीला कळव. मंग माझ्याशी बोल." त्या ओळीसकट मूळ नोंद आणि लेखी जबाब तयार आहे, हे पत्र टाकून तसाच चौकशी समितीकडे जातोय. माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. तुझं लक्ष जागेवर होतं आणि तू बरोबर ऐकलंस, हे तुला माझ्याच हातून कळावं, म्हणून लिहिलं.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
मल्हार